डोळ्यातलं पाणी कुठून येतं, कुठे जातं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव आणि भोवतालच्या तालुक्यांत डोळे तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करते. चष्म्याचा नंबर काढणं, शिबिरात डॉक्टरांच्या आधी पेशंट बघणं, थेंब कसे घालायचे ते शिकवणं, हे माझं रोजचं. निपाणी, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, अथणीकडून येणारी आपली मराठी माणसं खुर्चीवर बसली की बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात : "डोळ्यातनं सारखं पाणी गळतंय बघा." वाक्य एकच असलं तरी कारणं कितीतरी निघतात. काही साधी असतात, काहींत एका दिवसाच्या उशिरानं नजर जाते. लोकांनी मला खुर्चीत बसून, शिबिराच्या रांगेत उभं राहून विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

अश्रू नेमके तयार कुठे होतात?

भुवईच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे कानाच्या बाजूला, बोट ठेवा. तिथे हाडाची कड लागते. त्या कडेच्या आत, हाडाच्या खोबणीत बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी बसलेली असते. ती ठणठणीत असेल तर बोटाला लागत नाही. रक्तातून पाणी आणि क्षार घ्यायचे, त्यात स्वतःची प्रथिनं मिसळायची आणि बारीक नळ्यांतून वरच्या पापणीच्या आत सोडायचं, एवढं तिचं काम. पापणीच्या आतल्या अस्तरातही अशाच छोट्या छोट्या ग्रंथी असतात, त्या दिवसभर थोडा थोडा ओलावा पुरवतात.

अश्रू मेंदूतून किंवा काळजातून पाझरतात असं पूर्वी मानलं जायचं. ते या ग्रंथीतून येतात हे डेन्मार्कच्या नील्स स्टेन्सन यांनी १६६२ च्या सुमारास शरीररचना तपासून मांडलं.

एक गैरसमज मात्र अजून भेटतो. डोळ्याच्या बुबुळामागे जे पाणी असतं तेच अश्रू होऊन बाहेर येतं, आणि फार रडलं की डोळा आतून आटतो, असं पुष्कळांना वाटतं. ती दोन पाणी वेगळी आहेत. आतलं पाणी आतच तयार होतं आणि आतच जिरतं. त्याचा दाब वाढला की काचबिंदू होतो. अश्रू बाहेरच्या बाहेर असतात. "रडून रडून तिचे डोळे गेले" असं आपण म्हणतो, पण रडल्यानं नजर जात नाही. अशा बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू किंवा काचबिंदू असू शकतो आणि घरचे त्याला दुःख समजून बसतात. तिला तपासायला आणा.

अश्रू म्हणजे नुसतं खारट पाणीच ना?

नाही. बुबुळावर अश्रूंचा जो पातळ पापुद्रा असतो तो तीन प्रकारच्या द्रव्यांचा असतो. सगळ्यात आत चिकट श्लेष्मा, ज्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं. मध्ये पाणी. वर तेल. हे तेल पापण्यांच्या कडेला, केसांच्या मुळांमागे एका ओळीत असलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. तेल नसेल तर मधलं पाणी बघता बघता उडून जाईल. सगळा पापुद्रा मिळून साधारण ३ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा वीसावा हिस्सासुद्धा नाही.

या पापुद्र्यावर बुबुळ जगतं. बुबुळाच्या काचेत रक्तवाहिन्या नसतात, कारण त्या असत्या तर आरपार दिसलं नसतं. मग तिला प्राणवायू मिळतो तो हवेतून, अश्रूंत विरघळून. शिवाय पाण्यात जंतू मारणारी द्रव्यं असतात. त्यातलं लायसोझाइम अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगापुढे आणलं, पेनिसिलिनच्याही आधी. प्रयोगासाठी अश्रू लागायचे म्हणून ते आपल्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळायचे. (घरी कुणी करून बघू नये.)

दिवसाला किती अश्रू तयार होतात?

न रडता, मिनिटाला एक ते दोन मायक्रोलिटर. दिवसभराचे जमवले तरी छोटा चहाचा चमचा भरत नाही. झोपेत आणखी कमी. बादल्या भरतील असे आकडे मोबाईलवर फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका.

मग ते पाणी जातं कुठे?

आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाच्या बाजूला किंचित बाहेर ओढा. कडेवर सुईच्या टोकाएवढं भोक दिसेल. तसंच वरच्या पापणीतही असतं. पापणी मिटली की या भोकांतून पाणी आत ओढलं जातं, नाकाच्या मुळाशी असलेल्या पिशवीत जातं आणि तिथून नळीवाटे नाकात उतरतं. म्हणून रडलं की नाक वाहतं. रडताना नाकातून येणारं बरंचसं पाणी डोळ्यांतलंच असतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ही वाट मोकळी आहे का ते आम्ही बघतो. बोथट सुईनं त्या भोकातून थोडं सलाईन सोडायचं आणि विचारायचं, "घशात खारट लागलं का, आजी?" आजी गिळते, क्षणभर थांबते आणि चकित होऊन म्हणते, "लागलं की!" डोळ्यात घातलेलं घशात कसं आलं याचं नवल शिबिरातल्या प्रत्येक आजीला वाटतं. लागलं नाही, उलट पाणी डोळ्यातूनच परत आलं, तर नळी बंद आहे. मग पिशवीत पाणी साचतं, त्यात पू होतो, नाकाच्या मुळाशी दाबलं की चिकट घाण वर येते. अशा डोळ्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन तसंच केलं तर जंतू आत जाण्याचा धोका असतो, म्हणून आधी नळीचा इलाज करतात. ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून डॉक्टरांवर रागावू नका.

"डोळे पाणावले" आणि "टिपं गळाली" यात शरीराच्या दृष्टीनं काही फरक आहे का?

आहे. पाणी निचऱ्यापेक्षा थोडं जास्त झालं की ते खालच्या पापणीच्या काठावर तोलून राहतं. ते पाणावणं. पापणीच्या कडेचं तेल त्याला तिथे थोपवून धरतं. आवक आणखी वाढली की काठ फुटतो आणि टिपूस गालावर येतं. हा फरक आपल्या भाषेनं फार आधी टिपून ठेवला आहे.

कांदा चिरताना पाणी का येतं? काही उपाय?

अख्ख्या कांद्याला काही होत नाही. सुरी फिरली की त्याच्या पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांतली गंधकाची द्रव्यं आणि एन्झाइम एकत्र येतात आणि उडून जाणारा एक झोंबरा वायू तयार होतो. हा वायू बनवणारं खास एन्झाइम जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं. वायू बुबुळाला लागतो, बुबुळाचा मज्जातंतू मेंदूच्या देठाला कळवतो आणि दुसऱ्या मज्जातंतूवाटे अश्रुग्रंथीला हुकूम येतो : धुऊन काढ. मनाचा यात काही संबंध नाही.

सुरी धारदार ठेवा, म्हणजे पेशी कमी चिरडतात. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पंखा असा लावा की वारा तुमच्याकडून कांद्याकडे जाईल. लग्नाच्या पंगतीसाठी पोतंभर कांदा चिरणाऱ्या बायका पाठीमागून वारा घेऊन बसतात, ते अगदी बरोबर आहे.

वर्षाची चटणी करताना मिरची डोळ्यात गेली तर?

आपल्याकडे रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, हे ठरलेलं. मार्च-एप्रिलमध्ये कांडप यंत्राच्या दाराशी उभं राहिलं तरी ठसका लागतो, डोळे वाहतात. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य, खरा चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच जाऊन लागतं. म्हणून शरीराला वाटतं, भाजलं. ही जाणीव मज्जातंतूवरच्या नेमक्या कुठल्या प्रथिनामुळे होते ते डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं आणि २०२१ चं नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालं.

डोळ्यात गेलं तर चोळू नका. नळाच्या किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली, पापणी उघडी धरून, दहा-पंधरा मिनिटं धुवा. घाबरून दोन चुळकांवर थांबू नका. कॅप्सेसिन तेलात विरघळणारं असतं, नुसत्या पाण्यानं बोटांवरून जात नाही, त्यामुळे डोळ्याला हात लावायच्या आधी हात साबणानं दोनदा धुवा. दूध, तूप, खोबरेल डोळ्यात घालू नका. जिभेला दूध चालतं म्हणून डोळ्याला चालेल असं नाही.

चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत भंडारा उधळताना डोळ्यात गेला तरी हेच करायचं. धुऊनही खुपत राहिलं तर दुसऱ्या दिवशी तपासून घ्या. भंडाऱ्याचा कण पापणीच्या आत चिकटून बसतो आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळ खरवडतो.

तंबाखूच्या वखारीत काम करते. सतत डोळे चुरचुरतात, पाणी येतं. सवय होईल का?

माझी आई निपाणीकडे वखारीत तंबाखू चाळायची. संध्याकाळी घरी आली की पदराला, केसांना, पापण्यांना ती तपकिरी धूळ असायची आणि डोळे लालभडक. आम्हाला वाटायचं आईचे डोळेच तसे. तिलाही वाटायचं, सवय झाली. सवय होत नाही. बुबुळावरची धूळ धुवायला ग्रंथी दिवसभर पाणी सोडत राहते, त्या धुण्यात तेलाचा थर विस्कटतो, आणि घरी आल्यावर डोळा कोरडा पडून चुरचुरतो.

बाजूनं बंद असलेला साधा चष्मा कामावर लावा. जेवणाच्या सुट्टीत आणि घरी निघताना तोंड, पापण्या स्वच्छ पाण्यानं धुवा. पदरानं डोळे पुसू नका, कारण पदरातच सगळ्यात जास्त धूळ असते. गुऱ्हाळावर चुलवाणाजवळ बसणाऱ्यांना धुराबाबत मी हेच सांगते.

डॉक्टर म्हणाले डोळे कोरडे आहेत. पण माझ्या डोळ्यातून तर पाणी वाहतंय. चुकीचं निदान आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. डॉक्टरांना डोळा कळलाच नाही असं समजून लोक औषध टाकून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रडणं सोडलं तर अश्रू दोन तऱ्हांनी येतात. एक रोजची संथ धार, जी डोळा ओला ठेवते. दुसरी संकटाची धार, जी काही खुपलं, झोंबलं, वारा लागला की एकदम सुटते. रोजचा पापुद्रा नीट नसेल तर बुबुळाचा एखादा भाग उघडा पडतो. तिथले मज्जातंतू ओरडतात. मग संकटाची धार सुटते. ही धार म्हणजे नुसतं पाणी, त्यात तेल आणि चिकटपणा पुरेसा नसतो, म्हणून ती बुबुळावर ठरत नाही, गालावर ओघळते. डोळा पुन्हा कोरडा, पुन्हा धार. वळवाचा पाऊस कडक रानावरून वाहून जातो आणि खालची माती कोरडीच राहते, तसंच हे.

पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर बायकांमध्ये, आणि तासन्‌तास मोबाईल किंवा माग बघणाऱ्यांमध्ये हे जास्त. आपण एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. नजर एका ठिकाणी रोखली की ते निम्म्यापेक्षाही खाली येतं. शहापूर, वडगावच्या विणकरांना मी विचारते, "धागा तुटतोय का बघताना पापणी मिटता का?" ते हसतात. मिटली तर धागा चुकेल.

तपासायची एक जुनी रीत आहे. जर्मन डॉक्टर ओटो शिर्मर यांनी ती १९०३ मध्ये सांगितली. टिपकागदाची बोटाच्या निम्म्या रुंदीची पट्टी घ्यायची, टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायचं आणि ५ मिनिटं थांबायचं. पट्टी डोळ्यातून गालावर लोंबते, पेशंटला अवघडल्यासारखं होतं. ओल हळूहळू खाली सरकताना दिसते, वहीवर शाई पसरावी तशी. १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर पाणी ठीक. ५ च्या आत थांबली तर कमी. पाणी ठीक असूनही तक्रार असेल तर बहुतेक वेळा तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात.

तेल तुंबणं समजायला थंडीतलं तूप आठवा. डिसेंबरात बेळगावात तुपाचं भांडं उपडं केलं तरी तूप हलत नाही. पापणीतलं तेल तसं थिजतं. स्वच्छ फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचं. गार झालं की पुन्हा बुडवायचं. असं पाच ते दहा मिनिटं. मग पापणीच्या कडेकडे हलक्या बोटानं दाबत यायचं. रोज केलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. आणि डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरायचे. पाणी येत असलं तरीही.

डोळ्यांबरोबर तोंडही सारखं कोरडं पडत असेल, भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर ते आवर्जून सांगा. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच ग्रंथींवर उलटते असा एक आजार आहे. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्याचे उपचार वेगळे असतात.

रडू येतं तेव्हा आत काय होतं?

मेंदूतले भावनांचे भाग त्याच देठाला हुकूम देतात ज्याला कांद्याच्या वेळी बुबुळ कळवतं. तिथून पुढची वाट तीच. म्हणजे दाराशी दोघे उभे, कांदा आणि आठवण, आणि आतलं घर एकच. माणूस सोडून दुसरा कुठलाही प्राणी भावनेनं अश्रू ढाळतो याचा पक्का पुरावा आजवर नाही.

बेंदराच्या आदल्या दिवशी बैल विकला तेव्हा त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. तो रडला नाही का?

हे एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं होतं, कर्नाटकी बेंदूर जवळ आला होता. बैलाला माणूस, गोठा, दावं ओळखता येतं आणि ते सुटल्याचा ताण त्याला जाणवतो, हे नक्की. पण डोळ्याखालची ती ओली रेघ बहुतेक वेळा माश्या, धूळ किंवा डोळ्यातल्या जंतामुळे असते. माश्यांवाटे पसरणारे बारीक पांढरे कृमी जनावराच्या पापणीखाली राहतात. नव्या मालकाला तेवढं सांगा आणि गुरांच्या डॉक्टरांना दाखवायला लावा.

रडल्यावर मन हलकं होतं. शरीरातलं विष बाहेर पडतं म्हणून का?

मन हलकं होतं हे पुष्कळांचं खरं आहे, सगळ्यांचं नाही. विषाचं मात्र पटत नाही. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंड आहेत. चार टिपांतून जाऊन जाऊन किती जाणार? रडताना श्वास लांब होतो, जवळचं माणूस पाठीवर हात ठेवतं, आवंढा सुटतो. बरं वाटण्याचं कारण मला तरी त्यात जास्त दिसतं.

नवरा वारला तेव्हा डोळ्यातून टिपूस आलं नाही. लोक बोलले. माझ्यात काही बिघाड आहे का?

शिबिरात सगळे निघून गेल्यावर एका बाईंनी हे विचारलं. चष्म्याचा नंबर काढून झाला होता, पण त्या उठेनात. अंत्ययात्रेला सगळी गल्ली बघत होती, जावा हंबरडा फोडत होत्या आणि यांचे डोळे कोरडे. तीन वर्षं झाली तरी ते बोलणं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

बिघाड नाही. मोठा धक्का बसला की शरीर सावध होतं, झुंजायला किंवा पळायला तयार होतं. आणि अश्रुग्रंथीला मोकळं सोडणारी यंत्रणा चालते ती शरीर निवांत होताना. म्हणून कित्येकांना मयताच्या दिवशी रडू येत नाही आणि चौथ्या महिन्यात त्या माणसाची चप्पल कपाटामागे सापडली की आवरत नाही. वयानुसार पाणीही कमी होतं. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, उदासपणावरच्या आणि लघवी रोखण्याच्या काही गोळ्या अश्रू कमी करतात. त्या बाईंना रक्तदाबाबरोबर आणखी दोन गोळ्या चालू होत्या. पट्टी लावून बघितली तर ओल ५ मिलिमीटरपर्यंतही आली नाही. मी त्यांना पट्टी दाखवली. त्या बराच वेळ ती हातात घेऊन बसल्या होत्या.

माझं बाळ पंधरा दिवसांचं आहे. रडतं पण डोळ्यातून पाणी येत नाही.

काळजी नको. बुबुळ ओलं ठेवण्यापुरतं पाणी पहिल्या दिवसापासून असतं. गालावर ओघळण्याइतकं यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात.

आणि उलट? एका डोळ्यातून सारखं पाणी, सकाळी चिपडं?

बऱ्याच बाळांमध्ये नळीच्या खालच्या टोकाला, नाकात उघडते तिथे, पातळ पडदा राहून गेलेला असतो. वर्षाच्या आत बहुतेकांचा आपोआप उघडतो. मदत म्हणून मालिश करायची. नख कापलेलं, हात धुतलेले. करंगळीचं मऊ पेर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या मुळावर ठेवून हलका दाब द्यायचा आणि खाली नाकपुडीकडे ओढत आणायचं. एका वेळी पाच-दहा दाब, दिवसातून तीन-चार वेळा. तेल लावून टाळू भरण्याच्या वेळीच केलं तर विसरत नाही. एकदा डॉक्टरांकडून बघून शिकून घ्या. वर्षानंतरही वाहत राहिलं तर बारीक सळई घालून वाट मोकळी करतात.

काजळ घालू नका. आजीबाईंचा मान राखून सांगते, काजळानं डोळे मोठे होत नाहीत. बोटावरचे जंतू जातात आणि तेलाची भोकं बुजतात. सुरम्यात तर शिसं असू शकतं. अंगावरचं दूधही डोळ्यात पिळू नका.

बाळ उजेडाकडे बघितलं की डोळे घट्ट मिटून घेत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर ही नळीची गोष्ट नाही. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं तर आपले येतात का?

बघून नाही, हातानं. त्या माणसाच्या अश्रूंत विषाणू असतात, ते टॉवेल, दाराची कडी, बसचा दांडा यावरून तुमच्या बोटाला आणि बोटावरून डोळ्याला लागतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साथ आली तेव्हा काळा चष्मा लावून लोक निर्धास्त फिरत होते आणि तोच चष्मा पुन्हा पुन्हा हातानं नीट करत होते.

एका वेळी किती थेंब घालू?

एकच. औषधाचा एक थेंबसुद्धा डोळ्यात मावतो त्यापेक्षा मोठा असतो, उरलेला गालावर येतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा. थेंब घातल्यावर डोळा मिटून आतल्या कोपऱ्याशी बोटानं मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. काचबिंदूच्या काही थेंबांनी दमा उफाळतो, नाडी मंद होते, कारण ते याच वाटेनं नाकात जाऊन रक्तात मिसळतात. दम्याचा त्रास असेल तर सांगायला विसरू नका.

रुईची पानं तोडताना चीक उडाला. थोडं चुरचुरलं, मग थांबलं. चालेल ना?

नाही चालणार. शनिवारी मारुतीला हार करताना हे फार वेळा होतं. रुईचा चीक बुबुळाला बधिर करतो. त्यामुळे दुखत नाही, पाणीही फारसं येत नाही, आणि आतल्या पेशींना इजा होत राहते. दुसऱ्या दिवशी धुरकट दिसायला लागल्यावर लोक येतात. लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

उसाचं पान डोळ्याला लागलं. घरात आधीचे थेंब आहेत, ते घालू का?

घालू नका. हे मी जितक्या कळकळीनं सांगता येईल तितकं सांगते.

माझ्या चुलत्यांना तोडणीच्या दिवसांत पाचट काढताना पान लागलं. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. पाणी आलं, खुपलं, त्यांनी उपरण्याच्या टोकानं पुसलं आणि काम चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी लाल झालं. एका औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणले. दोन दिवस इतकं बरं वाटलं की त्यांनी शेजाऱ्यालाही तेच सुचवलं. त्या थेंबांत स्टेरॉइड, म्हणजे लाली-सूज दाबून टाकणारं औषध, होतं. पानाबरोबर बुबुळात गेलेल्या बुरशीला त्यानं मोकळं रान मिळालं. आठवड्यानं बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला, मग वेदना. तो डोळा वाचला, पण नजर उजेड-अंधार कळण्यापुरतीच राहिली.

पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यातून जे पाणी आलं ते योग्यच होतं. अश्रूंनी धुळीचा कण निघतो, थोडे जंतू मरतात. चिरलेल्या बुबुळात रुतलेली बुरशी त्यांनी निघत नाही. पान, भाताचं कूस, काटा, लाकडाची ढलपी, काहीही झाडाचं डोळ्याला लागलं आणि चार-सहा तासांनंतरही खुपत असेल, उजेड सहन होत नसेल, तर तोडणी सोडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. एक दिवसाची मजुरी बुडेल. टोळीच्या मुकादमांनाही ही विनंती आहे : अशा माणसाला संध्याकाळपर्यंत थांबवून ठेवू नका.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलतात. मला नीट सांगता येत नाही.

बहुतेकांना मराठी कळतं, तरी दोन-तीन शब्द उपयोगी पडतात. कन्नडमध्ये अश्रूंना कण्णीरु म्हणतात. कण्णु म्हणजे डोळा, नीरु म्हणजे पाणी. जळजळ म्हणजे उरी, दुखणं म्हणजे नोवु, खाज म्हणजे तुरिके. हे तीन वेगळे सांगा, कारण खाज असेल तर डॉक्टरांना ॲलर्जीची शंका येते, जळजळ असेल तर कोरडेपणाची, आणि खोल दुखत असेल तर ते आधी बुबुळ तपासतात.

आणि पाणी कधी येतं ते ठरवून जा : वाऱ्यात गाडीवर, सकाळी उठल्यावर, मोबाईल बघताना, की दिवसभर. एका डोळ्यातून की दोन्ही. काही लागलं होतं का. घरी काय घातलं होतं, तेही लपवू नका. मध घातला असेल तर मध म्हणा. घातलेली बाटली किंवा ट्यूब पिशवीत टाकून घेऊन जा, संपलेली असली तरी.